दोन काट्यांवर एकच माणूस

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकान एवढंसं, की दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. टेबलावर मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं असतात, आणि त्यांना हे कधी बोट लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं म्हणे. घरातली पातेली मात्र खुशाल आदळतात.

बुद्धिबळाचं वेड लग्नाआधीपासूनचं. मुलीने मोबाइलवर खेळायला शिकवलं आणि ताळतंत्रच सुटलं. दोन साइटवर खाती उघडली, दोन्हीकडे नाव ‘काटेवाला’. एकीकडे रेटिंग अठराशे सत्तर, दुसरीकडे पंधराशे चाळीस. दुसरा कोणी मोठा आकडा मिरवत हिंडला असता. यांनी वही काढली. दोन्ही साइटवर खेळणारे चाळीस जण शोधले आणि त्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडले. दोन महिने घरात दुसरा विषय नाही.

“पहिली साइट सगळ्यांनाच तीनेकशे जास्त दाखवते,” शेवटी निकाल लागला.

मग स्पर्धा आली. सोळाशेच्या खालचे एका गटात, वरचे दुसऱ्या. अर्जात नुसतं ‘ऑनलाइन रेटिंग’ असं विचारलं होतं, कोणत्या साइटचं ते नाही.

“मोठा आकडा लिहा,” मी म्हटलं. “चारचौघांत मान राहील.”

“फुगवून सांगू? दोन काट्यांत फरक आला तर कमी दाखवणारा धरावा.” आणि पंधराशे चाळीस लिहून मोकळे झाले.

खालच्या गटात पहिले चारही डाव जिंकले. पाचवा, शेवटचा डाव बाजारातल्या सोनारांशी होता. मी डबा घेऊन पोचले, तर डाव सुरूच झाला नव्हता. सोनार मोबाइल उंच धरून पंचांसमोर उभे होते.

“हे बघा! काटेवाला, अठराशे सत्तर! नाव हेच, फोटो हाच. लोकांचे काटे तपासतो आणि स्वतः मापात पाप करतो!”

सगळ्या माना यांच्याकडे वळल्या. अख्खा बाजार या माणसाच्या शब्दावर काटे ठेवून जातो, पावतीसुद्धा मागत नाही. तो शब्दच गेला तर दुकान उघडायचं कशाला? आणि हे मख्खासारखे उभे!

मीच पुढे झाले. यांच्या पिशवीतली वही काढून पंचांच्या टेबलावर आपटली. “वाचा!”

पंच म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. चष्मा पुसून त्यांनी पानामागून पान उलटलं.

“लबाडी नाही,” ते म्हणाले. “साइट विचारली नाही ही आमची चूक. बसा, डाव सुरू करा.”

माझा जीव भांड्यात पडला. पण हे बसले नाहीत.

“सर, बाकीच्यांनी कुठल्या साइटचं रेटिंग लिहिलंय?”

मास्तर वैतागले, पण त्यांनी हात वर करायला सांगितलं. गटातल्या तेवीसच्या तेवीस जणांनी पहिल्या साइटचं लिहिलं होतं. मोठा आकडा कोणाला नको असतो?

यांनी पेन्सिल घेतली. मला तो चेहरा ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचा काटा बरोबर निघतो आणि चूक आपल्याच हातून झालेली असते, तेव्हाचा.

“अहो, बसा ना,” मी कुजबुजले. “कोणी काही म्हणत नाहीये.”

“एकाच काट्यावर सगळ्यांना घातलं, तर मी अठराशे सत्तर. या गटात माझं कामच नाही. शेठ खरं बोलले. सर, माझं नाव काढा.”

“चारपैकी चार जिंकलात हो!”

“म्हणूनच काढा.”

मास्तरांनी यादीतल्या नावावर रेघ ओढली. सोनारांनी मोबाइल खिशात घातला. आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा ते मागून आले.

“दुकानातला काटा सोमवारी आणला तर चालेल?”

“आणा,” हे म्हणाले. “सकाळी लवकर या.”

आम्ही घरची वाट धरली. डबा तसाच जड माझ्या हातात होता.

“तू सांगितलास तोच आकडा लिहायला हवा होता,” हे म्हणाले. “तुझंच बरोबर होतं.”

एकतीस वर्षं हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आज ऐकलं, आणि भर रस्त्यात मला रडू आलं.