शालिनीकडून चहा

‘आपल्या शालिनीबाई पहाटे गेल्या,’ असं काकूच्या मुलानं, विलासनं घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लगेच एका भावजींचा प्रश्न... ‘कोण शालिनी?’ काकू गेल्याचं दुःख व्हायच्या आधीच माझं डोकं फिरलं. पण भावजींचं तरी काय चुकलं? आम्ही जन्मभर तिला जिजाकाकूच म्हणत आलो. लग्नात काकांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘शालिनी’ लिहिलं, वऱ्हाडी जेवून गेले आणि नाव ताटातच राहिलं. काकांनीही त्या नावानं कधी हाक मारली नाही. त्यांचं आपलं ‘अवं, आयकलं का’ एवढंच. मात्र दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला लागताना वारस म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं शालिनी लिहून दिलं. इकडे रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडे जिजा!

काका गेल्यावर ती हौस काकूला भोवली. कामगारामागे राहिलेल्या बायकोला पेन्शन मिळावी म्हणूनच तर सरकारची ती योजना. पण बायको कोणती? कागदावर शालिनी, समोर उभी जिजा. विलास पुण्याला चल म्हणत होता. ती म्हणे, ‘‘मले सुनेजवळ चहाले पैसे मांगाचे नाहीत.’’ दिग्रसचं तिचं घर राहणार की कुलूप लागणार, ते या पेन्शनवर होतं. तिला घेऊन मी पेन्शन ऑफिसच्या किती खेपा मारल्या, विचारूच नका. एक साहेब प्रतिज्ञापत्र मागायचा, ते नेईपर्यंत त्याची बदली... दुसरा म्हणाला, ‘‘बाई, दोघी एकच कशावरून?’’

‘‘ज्यानं नाव ठेवलं त्यालेच इचारा ना! तो वर गेला म्हणून त मी इथं आली.’’

साहेब हसला नाही. मी जिन्यात जाऊन पोटभर हसले आणि मग संतापानं रडले. शेवटी लग्नाला हजर असलेली आत्या, काकूची नणंद, गुडघे धरत ऑफिसात आली, शपथेवर बोलली, तेव्हा कुठे त्या दोघींची एक बाई झाली.

पेन्शन जमा झाली की काकू शेजारणींना बोलवायची, ‘‘या वं, आज शालिनीकडून चहा हाय!’’ आपण गेल्यावर हेच नाव कळवायचं, असं तिनं विलासला बजावून ठेवलं होतं. मला एकदा म्हणाली, ‘‘तुह्या काकानं एवढं चांगलं नाव देलतं न मी वापरलंच नाही वं पोरी...’’ काका गेल्यावर ती फारशी रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

तेरवी आटोपून मी आणि विलास पेन्शन बंद करायला त्याच ऑफिसात गेलो. साहेब नवाच होता. कागद चाळत म्हणाला, ‘‘नेमकं कोण वारलं? जिजाबाई की शालिनीबाई?’’ मी चांगली खरडपट्टी काढणार, तेवढ्यात विलास हळू आवाजात म्हणाला, ‘‘दोघी बी गेल्या, साहेब.’’

घरी आलो. तिच्याच पातेल्यात चहा टाकला. कपांचा आवाज ऐकून शेजारची बाई सवयीनं दाराशी आली आणि विचारून बसली, ‘‘आज कोणाकडून वं?’’

विचारलं आणि पदर तोंडाला लावला तिनं. मी कप पुढे केला.

‘‘शालिनीकडून,’’ म्हणाले.