दोनशे बारा नंबरचं अर्धं तिकीट

आमच्या ह्यांना लोक बहिरूअण्णा म्हनायचे. मी नाव घेत न्हाई, पर गोष्ट कुनाची ते तुमाला कळाया पायजे. ह्या मानसानं जन्मभर फाटकी तिकिटं गोळा केली. सिनेमाची न्हाई, एस्टीची न्हाई. मानाच्या गदेच्या शेवटच्या कुस्तीची. मुळशीत कुटंबी मैदान असलं की हे दारावर तिकिटं फाडायला उभे. अर्धं बघनाऱ्याच्या हातात, अर्धं ह्यांच्या तारंत ओवलेलं. मैदान उठलं की बाकीचे त्या तारा शेकोटीत टाकायचे. हे घरी आनायचे.

पुढं खूळ वाढलं. लोकांकडची अर्धी शोधत भूगाव, सूस, मारुंजी पालथं घातलं. कुनाच्या ट्रंकंत सापडायचं, कुनाच्या फोटोच्या मागं. मग कनकीची खळ करायची, दोन्ही अर्धी वहीत जोडून चिकटवायची, खाली त्या मानसाचं नाव. ह्यांचं फाडनं अंगठ्याच्या नखानं, तिरकं. एकाची जोड दुसऱ्याला बसायचीच न्हाई. मी म्हनायची, येवढं ध्यान भाताच्या खाचरात दिलं असतं तर. पालथ्या घड्यावर पानी.

पौडच्या मैदानाच्या पानावर दोनशे बारा नंबरच्या बिनजोडीच्या अर्ध्यावर बोट ठिवून हे इचारायचे, "हे कुनाचं असंल गं?"

"मला काय ठावं," मी म्हनायची.

खोटं बोलायची. ते माझं व्हतं. लग्नाच्या आदल्या साली मी भावाचा सदरा घालून, टोपीत केस कोंबून मैदानात शिरलेली. तवा बायका कुस्ती बघाया जात न्हवत्या. ते अर्धं तिकीट मी लग्नात आनलेल्या पितळी करंड्यात, कुकवाच्या पुडीखाली ठिवलं. बाईच्या करंड्याला कोन हात लावतंय?

तवर जोडलेली समदी मेलेल्या मानसांची व्हती. मग जित्या जयसिंग पैलवानाचं तिकीट जोडलं. आमच्या ओट्यावर चहा पिऊन हसत गेला गडी. दोन दिसांनी अंघोळीला बसला तो उठलाच न्हाई. म्हातारा व्हता, चालायचंच. सूसचे निरंजन गुरुजी, तेबी दोन दिसांत. तिसरा मारुंजीचा भैरू. हा तर पन्नाशीचा, बापाच्या खांद्यावर बसून कुस्ती बघितलेला, धडधाकट. त्याचं जोडलं तवा मी दिवस मोजले. दुसऱ्या सांजंला निरोप आला.

"आता पुरं करा," मी म्हनलं.

ह्यांनी खळीची वाटी घासून ठिवली आन् परत कंदी केली न्हाई. पौडच्या पानावर बोटबी ठिवलं न्हाई. तरी मी वरीसभर धास्तीत. ह्यांना करंडा घावला तर? आयुष्यभर जोडायची सवय लागलेला मानूस, हात राहील का त्याचा?

ह्या पौषात दम्यानं हे गेले. तेरावं झाल्यावर मी वही उघडली. दोनशे बाराच्या जागी ह्यांचं अर्धं न्हवतं. खाली ह्यांच्या अक्षरात लिवलेलं: "हातात हिरव्या बांगड्या. हे जोडायचं न्हाई."

सदरा घातला, टोपी घातली, बांगड्या काढायच्या राहिल्या व्हत्या. दारावरच वळखलं व्हतं ह्यांनी मला. जन्मभर नुस्ती चेष्टा करत व्हते. मी वही उराशी धरून लई रडले.

करंडा उघडला तर माझ्या अर्ध्याशेजारी ह्यांचं अर्धं. मधी जाड कागदाची घडी, एकमेकांना लागू नये म्हनून. दुसऱ्याच्या हाती पडू नये, म्हनून तितं ठिवलं असनार. जिवापाड माया व्हती मानसाची, बोलून कंदी दावली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंडा उघडला. घडी बाजूला पडलेली, अन् दोन्ही अर्धी काठाला काठ लावून. मनाला म्हनलं, आपलाच धक्का लागला असंल. परत घडी घातली. तिसऱ्या दिवशीबी तेच.

मग माझं अर्धं लेकीकडं, साधनाकडं दिलं. ती भूगावला फ्लॅटमधी ऱ्हाते. तिनं माझ्यासमोर लोखंडी कपाटात ठिवून कुलूप घातलं. आठ दिवस मला सुखाची झोप लागली.

आज दुपारी तिचा फोन आला. "आई, कुलूप हाय तसंच हाय गं. पर तुझा कागद न्हाई."

फोन ठिवला. करंडा समोर फळीवर हाय. मी उघडलेला न्हाई. भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू. आन् हे जवळ आल्यासारखं बरंबी वाटतंय. घरभर कनकीच्या खळीचा वास सुटलाय. गॅस तर मी सकाळपास्नं पेटवलेलाच न्हाई.