हवेतला धागा

"धागा तुटलाय असं समज. जोडून दाखव."

साहेब खुर्चीत बसून म्हणाले. मी फळ्यापुढे उभा. हातात काही नाही. समोर बाकांवर तीस माणसं. बँकेतली, शाळेतली, कचेरीतली. सगळ्यांचे डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे.

"स्टार्ट!"

मी हवेत हात हलवले. नसलेल्या बॉबिनवरून नसलेला धागा ओढला. गाठ मारली.

"तेरा सेकंद!" पहिल्या बाकावरचा ओरडला.

"बघा. इथं तेरा. हाच माणूस कारखान्यात वीस लावतो. याला म्हणतात कामचोरी. परत कर."

तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा वर्ग हसला. सगळ्यात वाईट ते सांगतो. मीही हसलो.

हे सिल्वासातलं. नव्वदचं दशक. मी शिंदखेड्याकडचा, महारवाड्यातला. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलो, मग राखोलीला सुताच्या कारखान्यात मशीनवर लागलो. बारा तासांची पाळी. नरोलीत एका खोलीत पाच जण. रविवारी एका शाळेत विद्यापीठाचे व्यवस्थापनाचे वर्ग भरायचे. तिथं नाव घातलं. कारखान्यात कुणाला बोललो नव्हतो. आणि त्या रविवारी पाहुणे म्हणून शिकवायला आले ते आमच्याच कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. हजेरी घेताना माझ्या आडनावाशी थांबले. वर पाहिलं.

"तू? पाणी द्यायला आलास की शिकायला?" मग वर्गाकडे वळून, "बरं झालं. आज नमुना घरचाच आहे."

नमुना.

खोलीवर येऊन हिंमतला सांगितलं. हिंमत नंदुरबारकडचा, माझ्याच पाळीतला. तो ताडकन उठून बसला.

"भो, तू तठे हसना कसाले?"

का हसलो?

आठवडाभर अन्न गोड लागेना. मशीनवर धागा तुटला की कानात मोजणी सुरू. शेवटी चिडून पुस्तक काढलं. शब्दकोश शेजारी ठेवून तो धडा वाचला. आणि सापडलं. कामाचा वेळ ठरवताना माणसाच्या थकव्याचा वेळ त्यात मिळवायचाच असतो. पाणी प्यायचा, लघवीला जायचा वेळही. त्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. आमच्या खात्यात लघवीला जायचं तर सुपरवायझरपुढे करंगळी वर करावी लागे. मोठमोठ्या बाप्यांना. साहेबांनी हा धडा वाचलेला होता. वाचून अर्धाच शिकवला होता.

पुढचा रविवार. पुन्हा साहेबांचाच तास.

"चल, ये पुढं."

मी बसून राहिलो.

"ऐकू आलं नाही?"

"आलं, सर. मी येणार नाही. मी इथं विद्यार्थी आहे. माझा प्रश्न आहे. थकव्याचा वेळ मिळवायचा असतो. आपल्या कारखान्यात किती मिळवलाय?"

"तुम्हा लोकांना दोन अक्षरं आली की..." पुढचं त्यांनी गिळलं.

"पुस्तकात आहे, सर." मी पान सांगितलं.

पानं उलटल्याचे आवाज. कोकणातून आलेल्या एक शिक्षिका होत्या. गेल्या रविवारी त्याही हसल्या होत्या. त्यांनीच ते मोठ्यानं वाचलं. मान खाली घालून, पण शेवटपर्यंत. साहेब खडू टाकून निघून गेले.

सोमवारी कारखान्याच्या नोटीस बोर्डावर माझं एकट्याचं नाव. साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी बुधवारी. सुपरवायझर हळूच म्हणाला, "माफी माँग ले भाई. सब ठीक हो जाएगा."

मागितली नाही. रविवारी पाळी बुडवून वर्गात गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या सोमवारी वॉचमननं फाटकाबाहेरच थांबवलं. हिंमतनं आत जाता जाता एकदा वळून पाहिलं. त्याला थांबता येत नव्हतं. मला कळत होतं.

नरोलीतच दुसऱ्या कारखान्यात लागलो. हेल्पर म्हणून, खालच्या कामावर. अभ्यास सोडला नाही.

वर्ष संपताना प्रकल्पाचा विषय द्यायचा होता. मी लिहिलं: सूत कारखान्यांतील कामगारांची विश्रांती, किती हवी आणि किती मिळते. रविवारच्या वर्गांचे केंद्रप्रमुख स्वभावानं मऊ. फॉर्म वाचून त्यांनी चष्मा काढला.

"अहो, एकही कारखाना तुम्हाला आत घेणार नाही. साबणाच्या विक्रीवर लिहा. पास व्हाल."

"आत जायची गरज नाही, सर. कामगार नरोलीत राहतात. खोल्याखोल्यांत जाऊन विचारीन."

"आणि नापास झालात तर?"

"हाच विषय परत देईन."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी उचलला नाही.

"नामंजूर करायचा तर तसं लिहा, सर. कारण लिहा. खाली सही करा."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मला घाई नव्हती. विषय बदलणार नव्हता.