कोठीच्या खोलीत फुल नेटवर्क

आमच्या आदिलाबादच्या घरात नेटचा डबा पहिल्यापासून हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला. तिथून निघालेला सिग्नल मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट पाहूनच अर्धा व्हायचा, देवघरापाशी पाया पडायचा आणि आल्या वाटेनं परत फिरायचा. स्वयंपाकघरात तो आलेला निदान मी तरी पाहिला नाही.

म्हणून माझा क्लास हॉलमध्ये भरायचा. गणितात एम. एस्सी. झाले तेव्हा माहेरच्यांनी पेढे वाटले, लग्नात सासरच्यांनी जिलेबी खाल्ली, आणि गणित तिथंच संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं. पण तामसी-नार्नूरकडच्या सात मुली होत्या. शाळेत तेलुगू, घरी मराठी. दहावीचं गणित कोणी आपल्या बोलीत समजावून देईल का, असं त्या विचारत होत्या. मी हो म्हटलं. रोज संध्याकाळी सहा ते सात, मोबाइलवर.

सहाची वेळ म्हणजे मामाजींच्या दरबाराची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तहसीलीतून रिटायर झालेले. नोकरी सुटली तरी दफ्तर सुटलं नव्हतं. घरात कोणी काही मागितलं की "दरखास्त द्या, पाहू" म्हणायचे. त्यांचे दोन मित्र रोज यायचे. आणि त्या दरबारात मी, घरची सून, खुर्चीवर! दाराआड नाही, पडद्यामागं नाही. मी शिकवत असायचे म्हणून चहा मामाजी स्वतः करायचे. त्या चहात चमचा उभा राहायचा, आणि तो पिऊन एका मित्राची कवळी हलली असं म्हणतात. तेच मित्र मुलींच्या आधी उत्तर द्यायचे, ठणठणीत आवाजात, आणि चुकीचं. मामाजी त्यांना दटावायचे, "हळू बोला ना जी, आमची सूनबाई शिकवून राह्यली!"

हे सुख आहे, हे मला कळलंच नाही. मी कुरकुर करत राहिले. टीव्हीच्या बातम्या, वर्तमानपत्राची फडफड, त्या मित्रांचा खोकला. खोकला कसला, तो ऐकून इंद्रवेल्लीच्या जंगलातल्या अस्वलानंही वाट बदलली असती. शेवटी नवऱ्याला म्हटलं, "अहो, स्वयंपाकघराला लागून ती कोठीची खोली आहे, डाळीच्या डब्यांशिवाय तिथं कोणी नसतं. तिथं नेट आलं तर माझी शांततेत सोय होईल."

दरखास्त मंजूर झाली. मागच्या कनेक्शनचा जुना राउटर माळ्यावर पडला होता, नवरा केबल घेऊन आला. बाकी सगळं मी केलं. स्टुलावर स्टूल ठेवून झरोक्यातून वायर ओढली, ती मधल्या खोलीवरून कोठीपर्यंत नेली. पहिल्या दिवशी चूक झाली. दोन्ही डबे घरातल्या मोबाइलना नेटवरचे पत्ते वाटायला बसले, आणि दोघी जावांनी एकाच पंगतीत वाढायला घेतल्यावर जे होतं तेच झालं. कोणाच्याच ताटात काही नाही. मग मी कोठीतल्या डब्याचा पत्ता बदलला, त्याचं वाटप बंद केलं. त्याला बजावलं, तू फक्त आणून द्यायचं, वाटणारा पुढं हॉलमध्ये बसला आहे. नाव तेच, पासवर्ड तोच. कोठीत नेटवर्क असं आलं की डाळीचे डबेसुद्धा व्हिडिओ पाहतील.

"इंजिनेर आहे वं तू!" नवरा म्हणाला. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद होता. म्हटलं, आज पुढंच घेऊ. सवयीनं वही घेऊन हॉलमध्ये गेले.

मामाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काऊन आली सूनबाई? तिकडं नेटवर्क नाही का?"

"आहे ना मामाजी, फुल आहे."

"मंग?"

एम. एस्सी.पर्यंत मला न सुटलेलं गणित फारसं नव्हतं. त्या "मंग"पाशी मात्र मी वही मिटली. मी आत गेले. पाठीमागून आवाज आला, "जाता जाता तीन कप टाक."

तेव्हापासून माझा क्लास आणि कुकर एकाच वेळी चालतात. समीकरणाच्या मधोमध आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारतात, "भाजीत मीठ घातलं का वं?" मुली तिकडून ओरडतात, "घातलं, आजी!"

मी काय गप्प बसणारी आहे? डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड घरात मला एकटीला ठाऊक. एक दिवस सहा वाजता हॉलमधलं वायरलेस बंद केलं. वायर चालू, म्हणजे कोठीत नेट आहे, पुढं नाही. म्हटलं, आता बोलावतील, "सूनबाई, इकडं ये, पाहा जरा." आणि मी गेले की उठणारच नव्हते.

बोलावलं नाही. मोबाइल हवेत धरून सिग्नल हुंगत मामाजीच आत आले, मागून दोघं मित्र. तिघंही पाट ओढून कोठीच्या दारात बसले आणि मोठ्यानं बातम्या लावल्या.

"इथं तं मस्त येते," मामाजी म्हणाले. "चहा बी गरमागरम भेटते."

दुसऱ्या दिवशी हॉलमधलं मीच चालू करून दिलं.

आता सातांपैकी चार मुली येतात. कुकरची शिट्टी झाली की मी मोबाइलचा आवाज बंद करते, "तुम्ही सोडवा, मी आलेच" म्हणते आणि ट्रे घेऊन पुढं जाते. परवा त्या चुकीचं उत्तर देणाऱ्या मित्रांनी कप घेताना विचारलं, "काहो, सूनबाईचा क्लास बंद पडला का?"

"छे! जोरात चालू आहे," मामाजी म्हणाले. "तिची आत सोय करून देली ना."

"हो," मी म्हटलं. "वायर मीच ओढली." आणि बिस्किटांची बशी पुढं केली.