अकरा खुंट्या, अकरा दगड

टौरंगा शहराबाहेरच्या एका किवी फळांच्या बागेतून, मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी, सर्व्हेच्या अकरा खुंट्या नाहीशा झाल्या. आदल्याच दिवशी दुपारी त्या हद्दीवर ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीच्या खड्ड्यात कुणीतरी एक गोल दगड बसवला होता.

ही घटना माझ्या डोक्यातून गेली नाही, ती या दगडांमुळे. नोकरीत मी यापेक्षा गंभीर गुन्हे पाहिले. त्यांतले बरेचसे आता तपशिलासह सांगता येणार नाहीत. हे दगड मात्र सांगता येतात. सर्व्हेची खूण हलवणं हा न्यूझीलंडमध्ये गुन्हा आहे. बांधकाम कंपनीने रीतसर तक्रार दिली आणि मी, त्या वेळचा सीनिअर कॉन्स्टेबल, जागेवर गेलो.

जागा अशी होती. मधोमध बाग. तिच्या एका अंगाला नवीन वसाहत, एकसारखी राखाडी घरं. दुसऱ्या अंगाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं गाईंचं कुरण. बागेच्या मालकाने या कुरणालगतची पट्टी घरं बांधायला विकली होती. खुंट्या त्याच हद्दीवर होत्या, आणि शेतकऱ्याचा या विक्रीला विरोध होता. गावच्या बैठकीत त्याने, “ठोका खुंट्या, मी उपटतो,” असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तक्रारीत त्याचं नाव दोनदा होतं.

त्याच्या घरी गेलो. तो पाय उंच करून खुर्चीत बसला होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

“मेट,” तो म्हणाला, “मी उपटल्या असत्या तर तुला फोन करून उपटल्या असत्या. बघायला कोणी नसेल तर मजा काय?”

सोमवारपासून बुधवार दुपारपर्यंत तो हॉस्पिटलात होता. मी वॉर्डला फोन करून खात्री केली. संशयित एकच होता, तोही बाद झाला.

उरले दगड. खुंट्या उपटणारा खोडकर माणूस त्या झुडपांत फेकतो, नाहीतर जाळतो. खड्ड्यात दगड बसवत नाही. हे दगड ओढ्यातले होते आणि ओढा तिथून बराच लांब होता. म्हणजे कुणीतरी अकरा दगड निवडून, वाहून आणले होते.

शनिवारी मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला फार्मसीत गेलो. काउंटरवरची फार्मासिस्ट पुण्याची, माझ्यासारखीच मराठी. एरवी आमचं बोलणं “कसं काय” पुढे जात नसे. त्या दिवशी तिने पाकीट देताना आवाज खाली आणला.

“सर, तुम्ही त्या खुंट्यांचं बघताय ना? माझे बाबा आलेत इंडियाहून. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. म्हणजे, मला विचाराल तर मी नको म्हणत होते.”

तिचं घर वसाहतीच्या शेवटच्या ओळीत होतं. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतून पूर्ण बाग दिसत असे. वडील खिडकीशी बसले होते. स्वेटर, कानटोपी, मांडीवर दुर्बीण नव्हे तर एक वही. सातारा जिल्ह्यातले, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस.

“बसा साहेब. आधी एक सांगा, मी साक्ष दिली तर माझ्या व्हिसाला काही धक्का? मी इथे पाहुणा माणूस.”

“काही होत नाही, काका.”

“बघ,” ते मुलीला म्हणाले. “चार दिवस मला गप्प बसवलं हिने. आणि ती नात! ‘आजोबा, दॅट्स नॉट अवर बिझनेस.’ हद्दीची खूण हलते आणि म्हणे आपलं काम नाही. अगं, तीस वर्षं माझं तेवढंच काम होतं.”

त्यांनी वही उघडली. बागेचा हस्तनकाशा होता. दिशा, ओढा, हद्द, हद्दीवर एक ते अकरा फुल्या. खाली लिहिलेलं: बुधवार, सकाळी सव्वासात ते आठ. इसम एक. बुटका, बागेतला कामगार, डोक्यावर टोपलीसारखी गोल हॅट. एकेक खुंटी काढून जागी दगड ठेवला. खुंटी पुसून खांद्यावरच्या पोत्यात.

“घाई नव्हती त्याला,” काका म्हणाले. “इकडेतिकडे बघणं नाही, लपणं नाही. आणि साहेब, दगड ठेवायच्या आधी खड्ड्याच्या मधोमध बोट लावून बघायचा. मी हाताखाली किती शिपाई वापरले, एवढी काळजी एकाला नव्हती. तेव्हा पकडा त्याला, पण चोर म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“ते तुम्ही शोधा. मला एवढंच विचारायचंय, ही मोजणी झाली तेव्हा लगतधारक कुठे होता? आमच्याकडे शेजाऱ्याला नोटीस दिल्याशिवाय मोजणीची साखळी उघडत नव्हतो आम्ही.”

मी ते वाक्य लिहून घेतलं नाही. तेव्हा ते मला म्हाताऱ्या माणसाच्या सवयीचं वाटलं.

गोल हॅटवाला माणूस सापडायला अर्धा तास लागला. बागेत हंगामी व्हिसावर आलेले इंडोनेशियाचे काही कामगार होते. सुपरवायझरने वर्णन ऐकताच त्याला हाक मारली. चाळिशीचा, मध्य जावातल्या डोंगरउतारावरच्या एका छोट्या गावातला. सलग तिसऱ्या वर्षी आलेला, कामात चोख. तो आपणहून स्टेशनवर यायला तयार झाला. हात धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि गाडीत बसला.

चौकशीची पद्धत ठरलेली आहे. गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, दुभाष्याचा हक्क. दुभाषी बाई फोनवर होत्या. त्या त्याला ‘पाक’ म्हणत होत्या, आपल्या ‘दादा’सारखं आदराने. हक्क समजावून झाल्यावर पहिला प्रश्न त्यानेच विचारला.

“माझं विमान शुक्रवारी आहे. मला जाता येईल ना?”

“ते नंतर बघू. बागेच्या हद्दीवरच्या खुंट्या तुम्ही काढल्या का?”

“हो.”

“सगळ्या?”

“अकरा. एकही मोडली नाही.”

तीस वर्षांत इतकी लवकर कबुली मला क्वचितच मिळाली होती. अशा वेळी अधिकारी सावध होतो. मी विचारलं, “का काढल्या?”

दुभाषी बाईंनी उत्तर ऐकलं, पुन्हा विचारून खात्री केली आणि मग सांगितलं, “ते म्हणतात, शेजारी घरी नव्हता म्हणून.”

“कुठला शेजारी?”

“गाईंवाला म्हातारा. ते म्हणतात, तो दवाखान्यात होता आणि या लोकांनी खुंट्या ठोकल्या.”

मी पेन खाली ठेवलं. फार्मासिस्टचे वडील खिडकीशी बसून जे विचारत होते, तेच हा माणूस दुसऱ्या भाषेत सांगत होता. त्यापुढे मी चौकशीच्या छापील कागदाबाहेरचे प्रश्न विचारले. घर कसं आहे? जमीन कुणाची? हद्द कशी ओळखता? माझ्या सार्जंटने नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तो म्हणाला, “यात अर्धा भूगोल आहे.”

गाव छोटं. वर लवंगेची झाडं, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, मधल्या पट्ट्यात घरं. घराला कुंपण नाही. मागे कोंबड्या, कसावाचे दोन वाफे, विहीर. जमिनीचा पक्का कागद बहुतेकांकडे नाही. आजोबांच्या नावाची करपावती असते आणि गावच्या कचेरीत एक जुनी नोंदवही. हद्द ठरते ती कोपऱ्यावरच्या लाल पानांच्या झाडाने. ते झाड सहजी मरत नाही, आणि ते कुणी लावलं हे दोन्ही घरांना माहीत असतं. त्याच्या घराच्या मागच्या कोपऱ्यावरचं झाड त्याच्या वडिलांनी आणि शेजाऱ्याच्या वडिलांनी मिळून लावलं होतं.

आता सरकार सगळ्या गावाची मोजणी करून पक्के दाखले देणार होतं. नियम असा, की प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यांवर खुंट्या स्वतः ठोकायच्या, पण शेजाऱ्याला समोर उभं करून. दोघांनी हो म्हटलं की मोजणीदार मोजतो. त्यांच्या आळीची पाळी तो घरी पोहोचल्यानंतरच्या सोमवारी होती. आणि मागच्या आठवड्यात बायकोचा निरोप आला होता: मागच्या कोपऱ्यावरचं लाल झाड तोडलं गेलंय. शेजाऱ्याने खुंट्या कापून तयार ठेवल्यात. ती विचारायला गेली, तर तो म्हणाला, “वहिनी, ज्याची जमीन तो कुठे आहे?”

“झाड तुटलं तर कितीशी जागा जाते?” मी विचारलं.

“दोन ढांगा.”

“एवढीच?”

“विहीर त्या दोन ढांगांत आहे.”

मंगळवारी दुपारी तो वेलींखाली काम करत होता. त्याने पाहिलं, अनोळखी माणसं आली, म्हाताऱ्याच्या हद्दीवर खुंट्या ठोकल्या आणि निघून गेली. म्हातारा घरी नव्हता. तो म्हातारा त्याला लिंबं देत असे, भाषा येत नसताना दोघं कुंपणाला टेकून उभे राहत.

“आमच्या गावात असं झालं,” तो म्हणाला, “तर जो बघतो त्याने खुंटी काढायची, जागेवर दगड ठेवायचा म्हणजे जागा हरवत नाही, आणि खुंटी गावच्या कचेरीच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. शेजारी आला की प्रमुख दोघांना बोलावतो. तिथेच ठेवल्यात मी.”

“कुठे?”

“कचेरीच्या ओसरीवर.”

त्या वस्तीला कचेरी नाही. चौकात एक कम्युनिटी हॉल आहे. पुढे ओसरी, वर झेंड्याचा खांब, दारावर सूचनांचा फळा. मी त्याला हॉलचा फोटो दाखवला. त्याने मान डोलावली आणि मला विचारलं, “प्रमुखांनी अजून म्हाताऱ्याला बोलावलं नाही?”

हॉलची देखभाल करणाऱ्या बाई शेजारीच राहत. सत्तरीच्या, गमबूट घातलेल्या.

“हो की, बुधवारी एक मोळी होती ओसरीवर. किती छान बांधलेली! मला वाटलं, कुणीतरी भेट दिली. इथे लोक ठेवतात असं काहीबाही, लिंबं, जॅमच्या बाटल्या.”

“त्या खुंट्या आता कुठे आहेत?”

बाईंनी परसाकडे बोट दाखवलं. सात खुंट्या शेडमध्ये उभ्या होत्या. उरलेल्या चार वाटाण्याच्या वाफ्यात ठोकलेल्या होत्या आणि त्यांना दोरी बांधून झाली होती.

“बाई, हा पुरावा आहे.”

“अरे देवा! मग वाटाण्यांना काय देणार तुम्ही?”

प्रत्येक खुंटीवर कोयत्याने बारीक खाचा केल्या होत्या. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, अशा अकरापर्यंत. मी काकांचा हस्तनकाशा काढून पाहिला. खाचा आणि फुल्या एकाच टोकापासून मोजलेल्या होत्या.

सगळा माल मिळाला होता, कबुली होती, साक्षीदार होता. आरोप ठेवायला काहीच अडचण नव्हती. आरोप ठेवला असता तर कोर्टाची तारीख पडली असती, आणि शुक्रवारचं विमान, पुढचा व्हिसा आणि सोमवारची मोजणी, तिन्ही गेली असती. न ठेवण्यासाठी तक्रारदाराचं म्हणणं आणि सार्जंटची मंजुरी, दोन्ही लागणार होतं. मी कंपनीच्या सर्व्हेअरला जागेवर बोलावलं. तो वैतागलेला होता.

“कायद्याने मला शेजाऱ्याला उभं करायची गरज नाही,” तो म्हणाला. ते खरं होतं.

“गरज नाही,” मी म्हटलं. “पण तो आज घरी आहे.”

बुधवारी सकाळी दहाला, चोरीला बरोबर आठवडा झाल्यावर, खुंट्या पुन्हा ठोकल्या. शेतकरी कुबड्यांवर आला. फार्मासिस्टचे वडील न बोलावता आले, कानटोपी आणि वहीसकट, आणि सर्व्हेअरच्या उपकरणाकडे बराच वेळ निरखून बघत राहिले. कामगार टोपी हातात धरून ओढ्याच्या बाजूला उभा होता. सर्व्हेअरने उपकरणावर जागा काढायची आणि खाली बघायचं, असं सुरू झालं. पहिला दगड जागेवर निघाला. दुसराही. पाचव्यानंतर तो उपकरणाआधी दगड बघू लागला.

“हा माणूस आमच्या खात्यात असता तर नोकरीत कायम करून घेतला असता,” काका मला हळूच म्हणाले.

अकराव्या खुंटीपाशी शेतकरी थांबला. विक्री त्याला अजूनही मान्य नव्हती आणि ते त्याने मोठ्याने सांगितलं. मग म्हणाला, “पण रेघ बरोबर आहे.” सर्व्हेअरने त्याच दुपारी कंपनीतर्फे लिहून दिलं, की आरोपाचा आग्रह नाही. सार्जंटने लेखी समज देऊन प्रकरण बंद करायला मंजुरी दिली. समजेचा कागद दुभाषी बाईंनी फोनवर वाचून दाखवला. कामगाराने तो ऐकला, सही केली आणि विचारलं, “आता हे प्रमुखांना नेऊन द्यायचं का?” मी म्हटलं, नको, तुमच्याकडेच ठेवा.

नंतर नव्या शिपायांना शिकवताना मी ही केस सांगत असे. जागेवरून काय गेलं हे सगळेच लिहितात. जागेवर काय ठेवलं गेलं तेही लिहा. आणि साक्षीदार प्रश्न विचारतो तेव्हा तोही जबाबात घ्या. मी काकांचा प्रश्न घेतला नव्हता.

कामगाराचं विमान शुक्रवारी वेळेवर सुटलं. पुढच्या मंगळवारी बागेच्या सुपरवायझरने मला फोनवर आलेला एक फोटो दाखवला. त्यात विहीर आहे, तिच्या पलीकडे तोडलेल्या लाल झाडाचा बुंधा आहे, आणि बुंध्याला लागून एक खुंटी आहे. खुंटीच्या एका बाजूला तो आणि त्याची बायको उभे आहेत. दुसऱ्या बाजूला शेजारी उभा आहे, आणि हातोडा शेजाऱ्याच्या हातात आहे.