सोळाशे मीटरचा रस्ता

मी गाव सोडलं त्या सकाळी आई फाट्यापर्यंत आली होती. आबा आले नव्हते. कोयनानगरहून कराडला जाणारी पहिली एसटी धुक्यातून दिवे लावून आली. आईनं पिशवी हातात दिली, "पोचल्याव मामाला फोन कराय सांग" म्हणाली आणि गाडी सुटायच्या आतच माघारी वळली. रडलेलं दाखवायचं नसलं की ती नेहमी अशी घाईत असते. खाली धरणाचं पाणी धुक्यात बुडालं होतं. मीही मग खिडकीतून बघायचं सोडून दिलं.

आदल्या दिवशी मी फौजेच्या भरतीत नापास झालो होतो. सोळाशे मीटर पळायचं आणि शिट्टी वाजायच्या आत रेघ ओलांडायची, एवढंच काम. शिट्टी वाजली तेव्हा माझ्यापुढं वीस-पंचवीस पावलं उरली होती. वयाच्या हिशेबानं तो माझा शेवटचा चान्स होता. गावच्या रस्त्यावर मात्र हेच अंतर मी रोज वेळेत संपवायचो, आणि घड्याळ धरून उभे असायचे ते आबाच, म्हणजे माझे वडील. ते फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. थोरला भाऊ याच रस्त्यावर पळून फौजेत लागलेला. त्यामुळं रस्त्यावर कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, "रस्त्याव पळतूस आन् मैदानात ढेपाळतूस. मनानं कच्चा हायस तू."

संपत, दिलीप, मारुती, तुम्ही तिघंही त्याच रस्त्यावर पळून, त्याच मैदानात मागं पडून गावाबाहेर गेलात. म्हणून हे तुम्हाला लिहितोय. आणि गावात राहिलेल्यांनाही, कारण त्या रस्त्यानं तुम्ही रोज गुरं नेता आणि तिथं काय झालं ते तुम्हाला अर्धवटच कळलंय.

सांगलीत विश्रामबागला मामांकडे उतरलो तो तिथलाच झालो. एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. लग्न झालं, फ्लॅट घेतला. सांगली मला आवडली हे आधीच सांगून टाकतो. परगावी गेलेल्यानं सदानकदा गावासाठी झुरत बसायचं असतं असं काहींना वाटतं, मला ते कधी जमलं नाही. फक्त सुरुवातीला इथल्या सपाटीची भीती वाटायची. नजर कुठं टेकवायला डोंगरच नाही! जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि उसावर थेट आभाळ.

पळणं मात्र मी त्या दिवशी सोडलं ते सोडलंच. चाळिशी ओलांडल्यावर शुगर निघाली आणि डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या न देता त्यांच्या रनिंग ग्रुपमध्येच ओढलं. पहिल्या दिवशी नवे बूट घालून उभा राहिलो. आता कुणीतरी शिट्टी वाजवणार असं वाटत होतं. कुणी वाजवली नाही. माणसं गप्पा मारत पळत होती आणि दमली की बिनदिक्कत चालत होती. पळणं असंही असतं हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. आता आमचा रविवारचा लाँग रन असतो. कुणाचा पेस सुधारला, कुणाचा गुडघा बोलतोय, यावर नदीकाठच्या पोह्यांपर्यंत चर्चा चालते.

या ग्रुपला एकदा हुक्की आली की सुरेशच्या, म्हणजे माझ्या, गावाला जाऊन पळायचं. मी नको नको म्हणालो, पण दोन गाड्या भरल्यासुद्धा. परवाच्या थंडीत आम्ही गेलो. शाळेच्या फाटकापासून निघायचं, पाण्याच्या कडेकडेनं खिंडीकडे जायचं आणि तसंच पुढं जंगलातल्या उतारापर्यंत. एका वळणावर अख्खा जलाशय डाव्या हाताला उघडा पडतो. पाण्यावरून वाफ निघत होती, पलीकडच्या काठावर गवे उभे होते. विश्रामबागची मंडळी पळायची सोडून फोटो काढत सुटली. असा रूट कुठं मिळणार नाही, असं डॉक्टर चारदा म्हणाले. मला गंमत वाटली. मी या रस्त्यावर शेकडो वेळा पळालो होतो आणि पाण्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. माझी नजर कायम पुढच्या दगडावर.

आई घरामागच्या परड्यात उभी राहून ही जत्रा बघत होती. "आवं, ह्यांच्या मागं काय लागलंय का?" तिनं डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "शुगर लागलीय, मावशी."

त्या रस्त्यावर आबांनी चुन्यानं रंगवलेले दोन दगड आहेत, एक फाटकाशी, दुसरा खिंडीच्या अलीकडे. त्यांच्यामध्ये सोळाशे मीटर. दुसऱ्या दगडाशी आलो तेव्हा सवयीनं घड्याळात पाहिलं, तर चौदाशे नव्वद. डोंगरात जीपीएस गंडतं म्हणून मी परत फिरून पुन्हा पळालो. मग चौघांची घड्याळं तपासली. सगळी त्याच आकड्याच्या आसपास. रस्ता शंभर-एकशेदहा मीटरनं कमी होता.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. वीस वर्षं स्वतःला कच्चा समजून जगलेला माणूस मी. तिथंच दगडावर बसलो आणि एकटाच हसलो. मग हसतच फाटकापर्यंत परतलो, तर मागोमाग शीतल पळत आली. भावाची मुलगी, भाऊ अजून नोकरीवर उत्तरेकडे. पुढच्या महिन्यात तिची भरती होती. फाटकाशी आबा घड्याळ धरून उभे होते, आणि ती पोचताच ओरडले, "पास! सात सेकंद हातात ठिवून पास!"

माझं हसू तिथंच संपलं. गप्प बसावं तर माझं झालं तेच पोरीचं होणार. बोलावं तर पंचाहत्तरीच्या माणसाला सांगावं लागणार की तुमच्या चुकीच्या मापानं तुमचा मुलगा घर सोडून गेला.

संध्याकाळी ग्रुप कोयनानगरला मुक्कामाला गेला. मी घरी राहिलो. चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, सोळाशे कशानं मोजलं हुतं?"

"सोलानं. अंबाडीचा लांब दोर, कराडातनं पोलादी टेपनं पन्नास मीटर मोजून आणलेला. बत्तीस येळा टाकला. एकट्यानं."

"कवा?"

"आषाढात. शेतात चिखल, तवाच सवड हुती. दीसभर भिजत मोजलंय मी."

मी काही बोलायच्या आत आई चुलीपुढून म्हणाली, "भिजत? आवं, भिजला की सोल आखडतोय. बैलाचं दावं रातभर भिजलं की सकाळी बघा किती हुतंय. गुरं राखणाऱ्या पोरीलाबी ठावं हाय."

 आबांची हयात छावणीत गेली होती, दाव्याशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पुढं केलं आणि आकडा सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

सकाळी उजाडायला ते मला उठवायला आले. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाकडून पोलादी टेप मागून आणली होती. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आम्ही दोघांनी मिळून काही करण्याचा तो वीस वर्षांतला पहिलाच प्रसंग. एकमेकांशी आकड्यांपलीकडे बोललो नाही. दुसरा दगड एकशेबारा मीटर पुढं सरकला, बरोबर त्या वळणावर, जिथून पाणी उघडं पडतं. शीतल नव्या दगडापर्यंत पळाली आणि सव्वीस सेकंदांनी चुकली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण महिनाभर त्याच अंतरावर झिजली आणि भरतीत पळण्यात पास झाली. मेडिकल बाकी आहे. एवढं तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कळलंच असेल.

कळलं नसेल ते त्याच दिवशी दुपारचं. जेवण झाल्यावर आबांनी माझ्याकडे तुमच्या तिघांचे नंबर मागितले. मी लावून देतो म्हणालो तर नको म्हणाले. अंगणातल्या खाटेवर बसून, चष्मा नाकावर घेऊन एकेक आकडा स्वतः दाबला. संपत, आधी तुला पुण्यात. मग दिलीपला पनवेलला. मारुती, तुला दुबईला लावायच्या आधी त्यांनी मला आतून बोलावून "तिकडं आत्ता किती वाजल्यात?" एवढं विचारून घेतलं. तुम्हाला काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मुद्दाम आत जाऊन बसलो होतो. तुम्ही काय उत्तर दिलंत तेही मला माहीत नाही, पण मारुतीचा फोन झाल्यावर आबा बराच वेळ खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत होते.

मग माझा फोन वाजला. नंबर आबांचा. मी दारातून पाहिलं, ते दहा पावलांवर खाटेवरच बसले होते, माझ्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून. चुकून लागला असेल म्हणून उचलला.

"सुरेश हाय का?"

"हाय, आबा."

"मी बोलतोय." त्यांनी चष्मा काढून खाटेवर ठेवला. "तू कमी पडला न्हाईस रं. मीच कमी मोजलं."

 मी फक्त "व्हय" म्हणालो. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. एवढी वर्षं ऑफिसात रजेच्या अर्जावर मी 'गावी जाणे' असं कारण लिहायचो. आता 'घरी जाणे' लिहितो.