मास्तरांचा आणि शेठजींचा येशू

वादाला रंग चढला की आमचे मास्तर डोक्यावरचा फेटा काढायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. ज्याच्याशी वाद, त्याच्याच हातात. "धरा जरा, डोकं मोकळं लागतं," असं म्हणायचे. तो बिचारा दोन्ही हातांत भला मोठा पांढरा फेटा सांभाळत उभा राही. आणि दुसऱ्याचा फेटा हातात असताना माणसाला त्याच्यावरच ओरडता येत नाही. ही मास्तरांची युक्ती होती की नुसती सवय, हे मला आजवर कळलेलं नाही. मला वाटतं सवयच. युक्ती करण्याइतके ते कधी थंड नसत.

सुनीत, तू पत्रात लिहिलं आहेस की तुझ्या कॉलेजात एका व्याख्यात्याने सांगितलं, येशूने स्वतःला कधी देव म्हटलंच नाही, ते मागाहून शिष्यांनी ठरवलं. तुला मोठा धक्का बसला आणि तू विचारतोस, "आजी, असं तुमच्या वेळी कुणी बोलायचं तरी का?" अरे, हाच प्रश्न मी अकरा वर्षांची असताना खांडबाऱ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर, शंभर माणसांसमोर विचारला गेला होता! तुला आणि तुझ्या बहिणीला क्रमाने सांगते.

माझे वडील तिथल्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. मास्तर आमचे शेजारी. सकाळी शाळा शिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी प्रचारक म्हणून बाजारात उभे राहायचे. वर्गात त्यांचा एकच मंत्र होता: "पान काढा." मी एकदा सांगितलं की नर्मदा ही हिंदुस्थानातली सर्वांत लांब नदी आहे. "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "पुस्तकात आहे." "पान काढा!" पान निघालं नाही. तेव्हा ते रागावले नाहीत, उलट हात चोळून म्हणाले, "बघ, किती मजा! आता आपल्या दोघांनाही शोधावं लागणार." त्यांना उत्तरापेक्षा शोधाची भूक जास्त होती, आणि ती भूक त्यांनी आम्हा मुलींना लावली.

बाजारात त्यांची गाठ पडली शेठजींशी. शेठजी मूळचे मारवाडातले, जैन, कापडाचे व्यापारी. पण दोन पिढ्या इथे गेल्यामुळे गिऱ्हाइकांशी अहिराणीतच बोलत. मास्तर एका पैशाला शुभवर्तमानाची पुस्तिका विकायचे. बहुतेक लोक ती घेऊन जायचे आणि तिच्यात तंबाखू बांधायचे. शेठजींनी मात्र ती वाचली, पेन्सिलीने खुणा करत वाचली, आणि पुढच्या बाजाराला मास्तरांना ओट्यावर बोलावलं.

"मास्तर, त्यानी सोता सांगेल शे का, मी देव शे म्हणीसन? का चेलासनी सांगं? पान दखाड!"

मास्तरांना कुणी पान काढायला सांगण्याची ती पहिलीच वेळ. वडील सांगत, त्यांचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं. "दखाडस ना, आते दखाडस!" म्हणाले आणि फेटा शेठजींच्या हातात गेला. (पुढचं बहुतेक मी साध्या मराठीत लिहिते, नाहीतर अहिराणी समजून घेण्यातच तुमचा दिवस जाईल.)

मास्तरांनी एक वचन दाखवलं. शेठजी म्हणाले, "हे शिष्याचं बोलणं." दुसरं दाखवलं, पिता आणि मी एक आहोत अशा अर्थाचं. शेठजी म्हणाले, "मी आणि माझा भाऊही एकच आहोत, विचार दुकानात." लोक हसले. तिसरं, चौथं. शेवटी शेठजी म्हणाले, "हे बघ मास्तर, आमचे तीर्थंकर माणसंच होते. तपाने वर गेले. तुझा येशू तसा वर गेला असेल, तर मी आत्ता हात जोडतो. पण तू म्हणतोस तो वरून खाली आला. एवढी मोठी गोष्ट, आणि त्याने सरळ एका वाक्यात सांगितली नाही?"

मास्तर घरी आले ते धावतच. त्यांनी मला हाक मारली, कारण माझं अक्षर चांगलं होतं. कागदाचे दोन भाग केले: एकीकडे "स्वतः म्हणाला", दुसरीकडे "इतर म्हणाले". रोज संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत ते पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चाळायचे आणि मी लिहायची. कुणाचे पाप क्षमा केले, ते पहिल्या भागात. ते देवाचंच काम ना? शिष्याने पाया पडून देव म्हटलं, ते दुसऱ्या भागात, "पण थांब, त्याने शिष्याला अडवलं नाही! मध्ये लिही, मध्ये!" असं करून मधली रेघ कुठच्या कुठे गेली. मग एक असं वचन आलं, ज्यात येशू एका माणसाला विचारतो की मला उत्तम का म्हणतोस, उत्तम तर एक देवच. मास्तरीणबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "ते कशाला लिहिता? शेठच्या हातात कोलीत?"

"त्याने ते वाचलंय. खूण केलीय पेन्सिलीने, मी पाहिली."

"म्हणून आपणही दाखवायचं?"

"मी लपवलं तर वाद तिथेच संपला. मग मी हरलोच." आणि मला म्हणाले, "लिही, मोठ्या अक्षरात लिही."

पुढच्या बाजाराला ओट्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. भाज्यांचे वाटे सोडून बायका आल्या होत्या, बैल दावणीला बांधून गाडीवान आले होते. मास्तर एकेक वचन वाचत, शेठजी एकेक खोडून काढत, आणि दोघांच्याही कपाळावर घामाच्या धारा. तेवढ्यात पुढे बसलेली एक डिंक विकणारी बाई उठली. डोंगरातल्या गावाहून दर बाजारी येणारी, तिकडच्या आदिवासींची मावची बोली बोलणारी. ती म्हणाली, "तुम्ही दोघं कशासाठी भांडता? माणूस म्हणतो मी देव, त्यात काय मोठं? आमच्या भगताच्या अंगात देव येतो तेव्हा तोही म्हणतो, मी अमका देव, कोंबडं द्या. संध्याकाळी देव उतरतो, मग तो आमच्यासारखाच भाकरी खातो. मला एवढंच सांगा, तुमच्या येशूचा देव उतरला कधी?"

दोघेही दोन बाजार "म्हणाला का" यावर घसा फोडत होते, आणि या बाईला "म्हणाला" यात काही विशेषच वाटत नव्हतं.

शेठजींनी पटकन पुस्तिका उघडली. "उतरला की! हे बघ, खांबावर टांगला तेव्हा मोठ्याने ओरडला, माझ्या देवा, मला का टाकलंस! तेव्हाच उतरला!" आणि विजयी मुद्रेने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर मोठ्याने म्हणाले, "मला ठाऊक नाही!" असं आनंदाने कुणी "ठाऊक नाही" म्हटलेलं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. "बाई, असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. पुढच्या बाजारी ये. उत्तर घेऊन येतो, शब्द देतो."

ही बातमी आमच्याआधी मिशनच्या बंगल्यावर पोचली. प्रचारक एका व्यापाऱ्यापुढे हरला आणि भर बाजारात म्हणाला, मला ठाऊक नाही. तिथल्या गोऱ्या मिशनरी साहेबांनी मास्तरांना बोलावलं. वडील औषधांची यादी घेऊन तिथेच उभे होते, म्हणून मला हे कळलं. साहेब वाईट माणूस नव्हते. कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी स्वतः रोग्यांचे कपडे धुतलेले वडिलांनी पाहिले होते. पण मंडळी नवी, कालपरवा धर्मात आलेली. एका मास्तराचा पाय डळमळला तर सगळेच घसरतील अशी त्यांना भीती होती. पुस्तकातून शिकलेल्या मराठीत ते म्हणाले, "मास्तर, ज्या प्रचारकास ठाऊक नाही, तो कशाचा प्रचार करितो?"

"साहेब, मला विश्वास आहे. ठाऊक असणं निराळं."

"पुढील बाजारी आपण जाऊ नये. रविवारी उपासनेत सांगावे की प्रभूने हे स्वच्छ शब्दांत म्हटले आहे, व आपली चूक झाली."

"रविवारचं रविवारी बघू साहेब. पण त्या बाईला मी बाजारचा शब्द दिला आहे."

"आपण गेलात, तर मिशनच्या घराची किल्ली येथे ठेवून जावे."

मास्तरीणबाईंनी ऐकलं तेव्हा त्या परसात वांग्यांना पाणी घालत होत्या. वांगी नुकती धरली होती. "काय गरज व्हती तुमले शब्द देवानी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि राहिलेलं पाणीही वांग्यांनाच घातलं. मास्तर तीन दिवस बाईच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. शाळेत फळ्यापाशी उभे राहून खडू हातात धरूनच विचार करायचे. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते एकदम वर्गाबाहेर पळाले, दवाखान्यात शिरले आणि वडिलांना विचारलं, "अंगात आलेल्या भगताला तुम्ही कधी टाके घातलेत? त्याला दुखतं का?"

"नाही," वडील म्हणाले. "मागे एकाला घातले. हूं की चूं नाही. देव उतरल्यावर मात्र बोंबलला."

मास्तरांनी माझ्या वडिलांना मिठी मारली. बाटली फुटली ती वेगळीच.

बाजाराच्या दिवशी सकाळी मास्तरांनी किल्ली बंगल्यावर नेऊन दिली. मास्तरीणबाईंनी भांडी पोत्यात भरून आमच्या पडवीत आणून ठेवली. वडील "बुचं आणायची आहेत" असं सांगून बाजाराला निघाले आणि मला बरोबर नेलं. बुचं त्यांनी त्या दिवशी काही आणली नाहीत.

ती बाई आली होती. शेजारणीला, नणंदेला, सगळ्यांना घेऊन आली होती. मास्तर ओट्यावर चढले. "बाई, होळीला तुमचा भगत निखाऱ्यावर चालतो ना?"

"चालतो."

"त्याला भाजतं?"

"अंगात देव असताना कसं भाजेल?"

"ऐका सगळे!" मास्तर इतक्या उंच उड्या मारत होते की शेठजींनी त्यांचं धोतर धरलं. "देव अंगात आला की माणसाला दुखत नाही. येशूला दुखलं! खिळे ठोकले तेव्हा दुखलं, म्हणून ओरडला. म्हणजे त्याच्या अंगात कुणी आलेलं नव्हतं. आलेलाच नव्हता, तर उतरणार कोण? जो होता तो तोच होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

टाळ्या पडल्या. शेठजी उसळून उभे राहिले. "वा मास्तर, वा! दुखलं म्हणजे माणूस होता, हेच सिद्ध केलंस की!"

"हो, माणूस होताच!"

"मग मी जिंकलो!"

"अर्धे जिंकलात! अर्धा मी!"

"आणि तो स्वतः म्हणाला का, त्याचं काय?"

"तुम्हांला हवं तसं एका वाक्यात नाही म्हणाला! मी सगळं चाळलं, मला सापडलं नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. जे केलं त्यावरून मी मानतो. तुम्ही मानू नका!"

डिंकवाली एवढा वेळ विचार करत होती. ती म्हणाली, "दुखणारा देव आमच्याकडे नाही. जरा बघावा लागेल." आणि टोपली उचलून गेली. मास्तरांना याहून मोठी शाबासकी नको होती. दुपारभर ते ज्याला त्याला सांगत होते, "बघावा लागेल म्हणाली! ऐकलंत ना, बघावा लागेल म्हणाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मास्तर आणि मास्तरीणबाई गेले. पुढे शहाद्याकडे कळसाडीला कुणाच्या तरी ओसरीत मास्तर शेतकऱ्यांची मुलं शिकवत असल्याचं कळलं. मला त्यांचं पत्र एकदाच आलं, मॅट्रिक झाले तेव्हा. त्यात अभिनंदन एका ओळीत होतं आणि उरलेल्या दोन पानांत मला इंग्रजी येतं म्हणून इंग्रजी शास्त्रात शोधायला दिलेली अकरा वचनं होती. त्यांतली नऊ मी शोधून कळवली. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. नंतर ऐकलं की तोवर ते वारले होते.

पण सांगायचं ते निराळंच. मास्तर गाव सोडून गेले त्याच्या पुढच्या बाजाराला मी आईबरोबर पोलक्याचं कापड घ्यायला गेले होते. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि शेठजी ओट्यावर खाली पाय सोडून बसले होते. समोर ती डिंकवाली. तिने मास्तर कुठे म्हणून विचारलं असावं आणि ते आता येणार नाहीत हे कळल्यावरही ती उठली नव्हती. शेठजी पुस्तिकेतलं वाचून तिला मावचीत समजावत होते, अडखळत, हातवारे करत. खांबावरून उतरवल्यावर काय झालं, थडग्यात काय झालं, तिसऱ्या दिवशी बायका गेल्या तेव्हा काय झालं. बाईने काहीतरी विचारलं. शेठजींनी चष्मा पुसला.

"इथे मास्तर असता तर असं म्हणाला असता," ते म्हणाले, आणि मास्तरांची बाजू त्यांनी इतक्या जोरात मांडली की आई पोलक्याचं कापड विसरून ऐकत उभी राहिली. बाई मान डोलावू लागली तसे शेठजी घाईघाईने म्हणाले, "हे त्याचं म्हणणं हो, माझं नाही. मला अजिबात पटत नाही. पण त्याचं म्हणणं नीट ऐक, आणखी एकदा सांगतो."